कोवळं ऊन टेबलावर: एडिंबराच्या हिवाळ्यात वापरलेल्या दिव्याचा रिव्ह्यू

स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये डिसेंबरात दुपारी 3 वाजून 40 मिनिटांनी सूर्य मावळतो. म्हणजे ऑफिसात दुपारचा चहा हातात असतो आणि खिडकीबाहेर दिवेलागण झालेली असते. आमच्या सोलापूरच्या घरी तिन्हीसांजेला कुणी आडवं झालेलं आजीला अजिबात खपायचं नाही, त्याच्या आधी केर काढून झालेला पाहिजे, देवापुढे दिवा लागला पाहिजे, आणि मग एकेक जण बाहेरून घरी यायचा. इथे ती वेळ येते तेव्हा माझ्या अजून दोन मीटिंगा बाकी असतात. पहिल्या हिवाळ्यात याचं अप्रूप वाटलं, फोटो काढून सगळ्यांना पाठवले. दुसरा कसातरी गेला. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र नोव्हेंबरच्या मध्यापासून सकाळचा अलार्म बंद करून मी तासभर नुसती पडून राहायला लागले, दहा दहा तास झोपूनही अंग जड, सारखा भात, बटाटा, ब्रेड, गोड खावंसं वाटायचं, आणि फोन वाजला की उचलायची इच्छाच नाही. आईचासुद्धा नाही. आईचा फोन तीन दिवस उचलला नाही तेव्हा नवरा म्हणाला, आता डॉक्टरकडे जाऊया.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मागच्या दोन हिवाळ्यांत कसं होतं ते विचारलं, मार्चनंतर आपोआप बरं वाटायला लागतं का ते विचारलं (हो, वाटायचं, पण मी त्याचा संबंध कधी लावलाच नव्हता) आणि म्हणाले की हे ऋतूप्रमाणे येणारं डिप्रेशन असू शकतं. इंग्रजीत त्याच्या नावाची आद्याक्षरं जोडली की 'सॅड' होतं. समुपदेशन आहे, गोळ्या आहेत, आणि रोज सकाळी प्रखर उजेडाच्या दिव्यासमोर बसायचा प्रयोग करून बघता येईल, पण दिवा एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, सहसा मिळत नाही, स्वतः विकत घ्यावा लागतो. तर हा रिव्ह्यू त्या दिव्याचा. पूर्ण एक हिवाळा वापरून झाल्यावर लिहितेय, म्हणून लांब होणार आहे. पण मी घ्यायच्या आधी मराठीत शोधलं तेव्हा मला काहीच सापडलं नव्हतं, त्यामुळे सगळंच सांगते.

आधी हे प्रकरण काय आहे ते. 1984 साली नॉर्मन रोझेंथाल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करताना या आजाराचं पहिल्यांदा व्यवस्थित वर्णन केलं आणि प्रकाशाचा उपचार करून पाहिला. हे रोझेंथाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, तिथल्या लख्ख उन्हातून न्यूयॉर्कला शिकायला आले आणि हिवाळ्यात आपलीच कामं रेंगाळतायत, उत्साह जातोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला खूप बरं वाटलं होतं, खरंच. उन्हातून आलेल्या माणसाला असं होतं, ते त्याने बघितलं आणि त्यावर काम केलं. माझ्या मनात तोपर्यंत हेच चाललं होतं की सगळं चांगलं असताना मला कसलं दुःख झालंय, मीच आळशी झालेय.

डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र बघणं हे नाही, बाहेर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे आहे. सकाळी भरपूर उजेड गेला की घड्याळ म्हणतं दिवस उगवला, झोपेचं मेलॅटोनिन थांबवा. इथे डिसेंबरात मी आठला घरातून निघते तेव्हा काळोख असतो, सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो, ऑफिसात ट्यूबचा उजेड, आणि निघते तेव्हा परत काळोख. त्या घड्याळाला दिवस उगवल्याची खबरच जात नाही. आणि जो सूर्य दिसतो तोसुद्धा भर दुपारी 12 ला क्षितिजापासून फक्त 11 अंश वर असतो. सोलापूरला त्याच दिवशी तो 49 अंशांवर असतो. समोरच्या तीन मजली इमारतीच्या मागून तो कधी वर येतच नाही, रस्त्याच्या एका बाजूला महिना महिना ऊन पडत नाही.

आता दिवा. मी आधी चूक केली ती सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिला दिवा ऑनलाइन घेतला, टॅब्लेटएवढा, स्वस्त, दिसायला फार सुंदर, खोक्यावर मोठ्या अक्षरात 10,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). आठ दिवस वापरला, काही फरक नाही. मग माहितीपत्रक नीट वाचलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं की हे 10,000 लक्स दिव्यापासून 15 सेंटीमीटरवर मिळतात. म्हणजे वीतभरही नाही! एवढ्या जवळ तोंड ठेवून अर्धा तास कोण बसणार, मी तर तो हातभर लांब ठेवून चहा पीत होते, आणि अंतर वाढलं की उजेड भराभर कमी होतो. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं की माहिती दिलेली आहे. दिलेली होती हे खरं, पण मला राग आला तो अजून गेलेला नाही, कारण हा दिवा शोधणारा माणूस आधीच थकलेला असतो, त्याच्याकडून बारीक अक्षरं वाचायची अपेक्षा करू नये.

दुसरा घेतला तो शंभर पाउंडाच्या थोडा वर गेला. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तुमच्या देशात तो मिळेलच असं नाही, त्यापेक्षा काय बघायचं ते लक्षात ठेवा. पॅनल मोठं हवं, माझं साधारण शाळेतल्या पाटीपेक्षा मोठं आहे. 10,000 लक्स किती अंतरावर हे स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि ते निदान 30 सेंटीमीटर तरी असावं, अजून जास्त असेल तर उत्तम. यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, गाळलेलं हवं. उजेड पांढरा हवा, निळ्या एलईडीचा अट्टाहास नको, पांढऱ्यानेच काम होतं. आणि पुढचं दुधी प्लास्टिक असं हवं की आतले दिवे ठिपक्या ठिपक्यांसारखे डोळ्यात टोचणार नाहीत. आणि पार्सल यायच्या आधी टेबल मोजा, मी मोजलं नव्हतं, मग मिक्सर दुसरीकडे हलवावा लागला.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिला वाटलं टीव्ही घेतला. मी म्हटलं, आई, याच्यासमोर सकाळी अर्धा तास बसायचं, मन बरं राहतं. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे कोवळं ऊन घ्यायचं की गं." मला इतके दिवस ज्याचं मराठी सापडत नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला सकाळी अंगणात कोवळ्या उन्हात बसवतात, म्हातारी माणसं पेपर घेऊन ओट्यावर बसतात, थंडीत शाळेत तास बाहेर मैदानात घेतात. कुणी उपचार म्हणून करत नाही, पण होतं ते हेच. मग तिने हळूच विचारलं, "तिथं ऊनसुद्धा विकत घ्यावं लागतं का?" आणि तिचा आवाज जरा हलला, मग आम्ही विषय बदलला.

वापरायची पद्धत: उठल्यापासून तासाभरात, तोंडापासून ठरलेल्या अंतरावर, समोरून थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या किंचित वर, अर्धा तास. डोळे उघडे पाहिजेत पण दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. मी चहा, नाश्ता आणि त्या दिवसाची कामं लिहायची वही हे सगळं तिथेच करते. पहिल्या तीन दिवसांत डोकं दुखलं, डोळे शिणले, मग चौथ्या दिवशी 15 मिनिटांवर आणलं आणि आठवड्याने परत अर्धा तास केला, तेव्हा काही त्रास झाला नाही. एकदा मात्र सकाळी राहून गेलं म्हणून संध्याकाळी 7 ला बसले आणि त्या रात्री अडीच वाजेपर्यंत टक्क जागी. घड्याळाला आपण संध्याकाळी सांगितलं की सकाळ झाली, ते तरी काय करणार. सकाळ चुकली तर चुकली, दुसऱ्या दिवशी बसा.

फरक कधी पडला? पहिला आठवडा काही नाही असंच वाटलं होतं. नंतर डायरी बघितली तर सहाव्या दिवशी लिहिलंय 'अलार्मच्या आधी जाग आली'. मूड सुधारला असं एकदम कळलं नाही, आधी उठणं सोपं झालं, मग दुपारी 4 ची ती गोडाची ओढ कमी झाली, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी मी स्वतःहून आईला फोन केला आणि तासभर बोलले, शेजारच्या काकूंच्या मुलीच्या लग्नातल्या मेनूबद्दल. ज्यांना हे झालंय त्यांना कळेल की त्या तासाची किंमत काय असते. जानेवारीत चार दिवस कामासाठी बाहेरगावी गेले, दिवा नेला नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत तो जडपणा यायला लागला. तेव्हा माझी खात्री पटली की हे नुसतं मनाचं समाधान नाहीये, निदान माझ्या बाबतीत तरी.

यावर अभ्यासही झालेत. कॅनडातल्या एका अभ्यासात, जो 2006 साली प्रसिद्ध झाला, अशाच हिवाळी डिप्रेशनच्या 96 रुग्णांना 8 आठवडे दोन गटांत ठेवलं होतं, एका गटाला रोज सकाळी अर्धा तास 10,000 लक्सचा दिवा आणि खोटी गोळी, दुसऱ्याला मंद दिवा आणि फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनवरच्या औषधाची 20 मिलिग्रॅमची गोळी. शेवटी दोन्ही गटांत 67 टक्के लोकांना चांगला गुण आला. पण हे वाचून कुणी चालू असलेली गोळी बंद करू नका. माझी एक मैत्रीण गोळी आणि दिवा दोन्ही घेते आणि छान आहे.

आता दिव्याच्या मर्यादा. मी स्टार चार देतेय, पाच नाही, आणि त्याचं कारण हे आहे की डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट, जी फुकट होती आणि म्हणून मी पहिले तीन आठवडे केलीच नाही, तिने तेवढंच काम केलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन चालायचं. रोज. ढग असले तरी.

मला वाटायचं की ढगाळ आहे तर काय उपयोग. म्हणून मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं (ते अंदाजेच सांगतं, पण तुलनेला पुरे). संध्याकाळी आमचा हॉल, ज्यात मला चांगला उजेड आहे असं वाटायचं, तिथे 150 लक्स. ऑफिसचं टेबल 400. आणि डिसेंबरातल्या राखाडी, पावसाळी दुपारी बाहेर शहरातल्या मोकळ्या मैदानात, मेडोज्‌मध्ये उभी राहिले तर अडीच हजारच्या वर. आपले डोळे इतके पटकन सवय करून घेतात की आत आणि बाहेर फार फरक नाही असंच वाटत राहतं. डिसेंबरात दिवा जिंकतो हे खरं. पण फेब्रुवारीच्या शेवटी एका निरभ्र दुपारी ॲपवर आकडा वीस हजारच्या पुढे गेला, म्हणजे माझ्या शंभर पाउंडाच्या दिव्याच्या दुप्पट, आणि तोही आपण चालत असताना, वारा लागत असताना, समोर कुत्री बर्फात लोळत असताना. मेडोज्‌ म्हणजे शहराच्या मध्यातलं मोठं मोकळं मैदान, दोन्ही बाजूंनी झाडांच्या रांगा, वसंतात तिथे चेरी फुलते तेव्हा सगळं गुलाबी होतं, पण मला आता ते डिसेंबरातलं रिकामं, ओल्या गवताचं मैदानच जास्त जवळचं वाटतं. 25 मिनिटांत एक पूर्ण फेरी होते.

रविवारी जमलं तर पोर्टोबेलोला समुद्रावर जातो. पाण्यात पोहणारे लोक असतात भर जानेवारीत, त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं, मी चपला काढून वाळूत उभी राहिले तेवढंच. एकदा आर्थर्स सीटवरही गेलो, शहरात उभा असलेला विझलेला ज्वालामुखी, 251 मीटर उंच. वर पोचलो तेव्हा 3 वाजले होते आणि सूर्य खाली चाललेला, अंगावर सरळ आडवं ऊन, आणि मला एकदम आमच्या गच्चीवरचं उन्हाळ्यातलं वाळवण आठवलं, कुरडया, सांडगे, पापड, आणि राखण करायला बसवलेली मी, उन्हाला वैतागलेली. लहानपणी सगळ्यांचं एकच वाक्य असायचं, उन्हात जाऊ नको. ते ऊन मी किती वर्षं चुकवत होते.

बाकी लहान लहान गोष्टी ज्यांनी हातभार लावला त्या भराभर सांगते. खिडकीजवळची जागा मागून घेतली ऑफिसात, मॅनेजरने लगेच दिली. झोपायची आणि उठायची वेळ शनिवार-रविवारीही तीच ठेवली, हे सगळ्यात अवघड गेलं. खाण्याचं म्हणाल तर आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती, संध्याकाळी 4 ला केकच्या ऐवजी ती खायला लागले, पोट भरतं आणि नंतर ते सुस्तावणं होत नाही. आणि दिवेलागणीला, म्हणजे इथल्या दिवेलागणीला, शक्य असेल त्या दिवशी घरून काम करते आणि देवापुढे समई लावते. पावणेचार वाजता. त्याने मेंदूतल्या घड्याळाला काही होत नसेल, पण मला काळोख अंगावर आल्यासारखा वाटत नाही, मी त्याला घरात घेतल्यासारखं वाटतं.

एक गैरसमज मलाही होता, की या दिव्याने व्हिटॅमिन डी मिळतं. नाही मिळत. त्याला यूव्ही लागतं आणि या दिव्यात ते गाळलेलं असतं, तसंच असायला हवं. इथे ऑक्टोबर ते मार्च उन्हातूनही ते पुरेसं मिळत नाही, म्हणून सरकारच सांगतं की शरद आणि हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायचा विचार करा, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर वर्षभर. ती वेगळी घ्या.

आणि हे कृपया गांभीर्याने वाचा. ज्यांना बायपोलर (मन कधी खूप खाली तर कधी खूप वर जाणारा आजार) आहे किंवा घरात कुणाला आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता हा दिवा वापरू नका, त्याने मन उलट्या टोकाला, म्हणजे मेनियाकडे जाऊ शकतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तरीही आधी विचारा, आपल्याकडे डायबेटिस घरोघरी आहे आणि त्याने पडदा खराब होतो, त्यामुळे आईवडिलांसाठी घेणार असाल तर आधी डोळे तपासून घ्या. काही औषधांनी उजेडाचा त्रास वाढतो, त्यात लिथियम आहे आणि सेंट जॉन्स वर्ट नावाची 'नैसर्गिक' म्हणून मिळणारी वनस्पतीही आहे. आणि जगणं नको वाटायला लागलं असेल तर दिवा मागवून तो यायची वाट बघत बसू नका, आजच डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगा.

कुणी घ्यावा? उत्तरेकडे राहणाऱ्या, दरवर्षी नोव्हेंबरात खाली जाऊन मार्चमध्ये वर येणाऱ्या माणसाने जरूर घ्यावा, आणि ऑक्टोबरमध्येच घ्यावा, पूर्ण खचल्यावर नको. पुण्यात, मुंबईत, सोलापुरात राहणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी सांगेन पैसे ठेवा खिशात आणि सकाळी 7 ला गच्चीवर चहा घेऊन जा. तुमच्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा 11 तासांचा असतो. इथे तो 7 तासांचाही भरत नाही.

संक्रांतीला आम्ही दहा-बाराजण जमलो होतो, तिळगूळ झाला, आणि कुणीतरी म्हणालं की आजपासून दिवस तिळातिळाने वाढणार. मी घड्याळ बघितलं. 4 वाजून गेले होते आणि बाहेर अजून उजेड होता, डिसेंबरापेक्षा जवळजवळ अर्धा तास जास्त. सगळे कोट घालून बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिलो, हातात तिळगुळाच्या वड्या, आणि 4 वाजून 8 मिनिटांनी तो गेला तोपर्यंत कुणी आत गेलं नाही.

नॉर्वे, स्वीडन, कॅनडातल्या कुणी हा दिवा वापरत असाल तर फेब्रुवारीत वेळ कमी करता का एकदम बंद करता ते सांगा, मी मार्चच्या मध्यापर्यंत चालू ठेवला होता. आणि लहान मुलांना असं होतं का, त्यांच्यासाठी काय करता, तेही. माझ्या मैत्रिणीच्या 9 वर्षांच्या मुलाबद्दल विचारतेय.